किल्ली हातात देण्याआधी

सांगलीत घर भाड्याने जातं ते बहुधा एका फोनवर. 'आमच्या साडूंच्या मुलाला वालचंदला ॲडमिशन मिळालंय, चार पोरं मिळून राहतील,' किंवा 'मिरजेला हॉस्पिटलात आहेत दोघं नवरा-बायको, माणसं सज्जन आहेत.' घर तसंही बंदच असतं. मुलं पुण्याला नाहीतर त्याच्याही पुढे. विश्रामबागचा फ्लॅट किंवा गावभागातलं जुनं घर गणपती-दिवाळीपुरतं उघडायचं. फोन करणारा जवळचा, येणारा ओळखीचा. मग 'तुम्हाला परवडेल ते द्या हो' म्हणून किल्ली दिली जाते. भाड्याचा आकडा ठरतो, पण तो किती तारखेपर्यंत द्यायचा ते ठरत नाही. अनामत घेतली जाते, पण त्यातून काय कापायचं आणि काय नाही, हा विषय कुणी काढत नाही. काढायचा तरी कसा? समोरचा काय म्हणेल?

पहिल्यांदा घर भाड्याने देणाऱ्याचं नुकसान इथेच होतं. लबाड भाडेकरू असतात, पण थोडे. भिडेपोटी न विचारलेले प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येक घरात असतात, आणि भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. किल्ली देण्याआधी विचारलेला प्रश्न साधी चौकशी वाटते. तोच प्रश्न सहा महिन्यांनी विचारला की समोरच्याला संशय वाटतो. म्हणून सगळं बोलणं किल्लीच्या अलीकडे उरकून घ्यावं.

आधी घर रिकामं करावं लागतं, आणि हेच काम सगळ्यांत जड जातं. आईचं कपाट, वडिलांची आरामखुर्ची, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, देव्हारा. यातलं काहीच हलवावंसं वाटत नाही. तोडगा म्हणून 'एक खोली आपली' ठेवून तिला कुलूप घालतात. ते शक्यतो टाळावं. बंद खोलीत वारा खेळत नाही, पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, कपाटाला पाठीमागून वाळवी लागते आणि ती दिसते तेव्हा दाराच्या चौकटीपर्यंत पोचलेली असते. शिवाय त्या खोलीच्या निमित्ताने मालकाचं येणंजाणं सुरू राहतं आणि ज्याने पूर्ण भाडं दिलंय त्याला घर कधीच आपलं वाटत नाही. देव हलवायचे तर देव्हाऱ्यासकट हलवावेत. जे ठेवायचंच आहे त्याची यादी करावी: पंखे किती, गीझर किती लिटरचा, पडद्याचे रॉड, किल्ल्यांचे जोड किती. प्रत्येक खोलीचे फोटो काढावेत; ओट्याखालचा, संडासाच्या फरशीचा, भिंतीवर आधीपासून असलेल्या खिळ्यांच्या भोकांचासुद्धा. यादीवर दोघांच्या सह्या घेऊन ती कराराला जोडावी.

अंगण असेल तर झाडांचंही बोलून घ्यावं. नारळ कुणाचे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण भाडेकरूने वर्षभर पाणी घालायचं आणि मालकाने येऊन पोतं भरून न्यायचं, एवढ्यावरून चांगले संबंध तुटतात. निम्मे-निम्मे म्हणा, सगळे तुमचेच म्हणा. ते आणि उतरवणाऱ्याची मजुरी कुणी द्यायची, दोन्ही लिहून टाका.

मग दुरुस्ती. रंगापासून सुरुवात करायची चूक बहुतेक जण करतात. पहिलं काम पाण्याचं. रात्री दहा वाजता टाकी भरून घ्यावी, घरातले सगळे नळ बंद करावेत आणि टाकीच्या तोंडापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवावं. सकाळी सहाला परत मोजावं. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे साधारण आठ-नऊ लिटर गेलं. चार सेंटिमीटर उतरलं असेल तर एका रात्रीत दोन बादल्या पाणी कुठेतरी झिरपलंय. बहुतेक वेळा चोर निघतो तो फ्लश टँक. टँकमध्ये खाण्याचा रंग चिमूटभर टाकावा. फ्लश न ओढता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलेलं आहे. फ्लश चांगला निघाला तर मग वायसर, अँगल कॉक आणि शेवटी भिंतीतला पाइप, या क्रमाने शोधावं. बोअरच्या जड पाण्यावर चालणारं घर असेल तर गीझरच्या कॉइलवर आणि शॉवरच्या भोकांत क्षार बसलेले असतात, ते आधीच साफ करून घ्यावेत. नाहीतर महिन्याभरात 'गीझर तापत नाही' म्हणून पहिला फोन येतो.

विजेचंही असंच. मेन चालू ठेवून घरातली सगळी बटणं बंद करावीत, फ्रिज-इन्व्हर्टरचे प्लग काढावेत आणि मीटरपाशी जाऊन उभं राहावं. मीटरवरचा लहानसा लाल दिवा तरीही थांबून थांबून लुकलुकत असेल तर कुठेतरी वीज जातेय. पुष्कळ मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला असतो. दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. मग एकेक एमसीबी पाडत जावं. ज्याच्याबरोबर दिवा थांबेल, त्या लायनीत दोष. जुन्या घरांतून अर्थिंगच नसतं, किंवा अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडलेला असतो. न्हाणीघरात गीझर आहे आणि अर्थिंग नाही, असं घर कुणालाही देऊ नये. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्यावा आणि त्यावरचं 'टेस्ट'चं बटण दाबून तो पडतो की नाही ते भाडेकरूसमोर दाखवावं. हा खर्च मालकाचा, त्यात घासाघीस नको; आत माणसं राहणार आहेत. आपल्या नावावरचा गॅस सिलिंडर घरात सोडून जाऊ नये. कनेक्शन आपल्या नवीन पत्त्यावर न्यावं किंवा परत करावं.

ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग फासून घर दाखवलं तर पहिल्या पावसात पोपडे येतात आणि बोलण्याला किंमत राहत नाही. ओल कुठून येतेय ते भिंत सांगते. जमिनीपासून गुडघ्या-कमरेपर्यंत चढलेली, वर पांढऱ्या क्षारांची रेघ असलेली ओल जोत्यातून येते. छताच्या कोपऱ्यातला पिवळा डाग गच्चीचा. न्हाणीच्या पलीकडच्या भिंतीवर मधोमध उमटलेला गोल डाग पाइपच्या सांध्याचा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि तिन्हींना प्लॅस्टर खरवडून पूर्ण सुकू द्यावं लागतं. ही कामं एप्रिल-मे महिन्यातच करावीत. बदल्या, शाळा-कॉलेजं यांमुळे जूनपासून घरं शोधणारे वाढतात, तोवर भिंत कोरडी झालेली असते.

भाडं ठरवताना लोक शेजारच्या मजल्याकडे बघतात. बघावं, पण एक हिशेब करून ठेवावा. नऊ हजार भाड्याचं घर एक महिना रिकामं राहिलं तर नऊ हजार गेले. भाडं पाचशेने कमी केलं तर वर्षाला सहा हजार कमी येतात. चांगला माणूस पाचशेसाठी अडला असेल तर त्याला सोडून महिनाभर वाट पाहणं तोट्याचं. मोठी रक्कम अनामत घेऊन भाडं माफ करण्याचा व्यवहारही चालतो. तो पहिल्या खेपेला तरी करू नये. ती रक्कम खर्च होऊन जाते आणि परत द्यायची वेळ आली की घर अडकून पडतं.

कुणाला द्यायचं, यावर एक मनापासून सांगायचं आहे. जात, आहार, 'एकटी राहणारी बाई आहे का' या चौकशांतून भाडं वेळेवर येईल की नाही, हे कधीही कळत नाही. नोकरी कुठे, किती महिने झाले, आधीचं घर का सोडलं, आधीच्या मालकांचा नंबर मिळेल का, एवढं विचारावं आणि त्या मालकांना खरोखर फोन करावा. विद्यार्थी असतील तर करार एकाच्या नावाने करू नये. चौघंही करारात हवेत आणि एक जण मध्येच गेला तर उरलेल्या तिघांनी पूर्ण भाडं द्यायचं की नाही, हे त्यात लिहिलेलं हवं.

आता कागद. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर टाइप करून नोटरी केली की भाडेकरार झाला, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. त्याला जोडून दुसरी: अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, असं १९०८ चा नोंदणी कायदा म्हणतो. अकरा महिन्यांची पळवाट तिथली. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घराचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नाही आणि पुढे वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटरीचा शिक्का या कलमासमोर कामाला येत नाही.

नोंदणीचा खर्च लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. नऊ हजार भाडं, तीस हजार परतीची अनामत, अकरा महिने धरू. भाडं झालं ९९,०००. अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज धरतात, ते २,७५०. बेरीज १,०१,७५०. मुद्रांक शुल्क त्याच्या पाव टक्का, म्हणजे सुमारे २५४. शंभराच्या पटीत भरायचे म्हणून ३००. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. याशिवाय दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटकडून केलं तर त्याचे पैसे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतं: मालक, भाडेकरू आणि ओळख पटवणाऱ्या दोन व्यक्ती, सगळ्यांचं आधार लागतं, अंगठा मशिनवर द्यावा लागतो. एजंट मशिन घेऊन घरी येतो. अडतं ते बारीक गोष्टींवर. म्हाताऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, घरपट्टीवर अजून वडिलांचं नाव असतं, सिटी सर्व्हे नंबर कुणाला माहीत नसतो. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करावी आणि भावा-बहिणींची लेखी संमती घ्यावी. पहिलं भाडं आल्यावर हा विषय निघाला की नाती तुटतात.

असा करार बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स' या नावाने करतात, आणि त्या नावाला अर्थ आहे. यात घर वापरायची परवानगी दिलेली असते, ताब्याचा हक्क दिलेला नसतो. मुदत संपून घर सोडलं नाही तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि घर सोडेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. नोंदणीकृत करार तिथे निर्णायक पुरावा धरतात. म्हणून मुदत संपायच्या महिनाभर आधी नवा करार करावा. 'चालू राहू दे' म्हणून सोडून देऊ नये. बारा वर्षं राहिला की घर त्याचं, या भीतीने पुष्कळांनी घरं कुलपात पाडून ठेवली आहेत. ती भीती खोटी आहे. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा कायद्यातला 'विरुद्ध ताबा', म्हणजे मालकाचा हक्क नाकारून ठेवलेला ताबा, ठरत नाही. आणि भाडं थकलं तरी वीज-पाणी तोडू नये. कलम २९ त्याला मनाई करतं, बाजू भक्कम असलेला मालकही त्याने गोत्यात येतो.

कराराची प्रत आणि भाडेकरूची माहिती आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात द्यावी. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही फॉर्म आहे. जिल्ह्यात भाडेकरूची माहिती देण्याबद्दलचा आदेश लागू असेल तर न कळवणं हा मालकाचा गुन्हा ठरतो. फ्लॅट गृहनिर्माण सोसायटीत असेल तर सोसायटीला कळवावं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तसा २००१ चा शासन निर्णय आहे.

वीजबिलावरून जेवढी कुरबुर होते तेवढी भाड्यावरूनही होत नाही. खाली मालक, वर भाडेकरू आणि मीटर एक, ही सगळ्यांत वाईट व्यवस्था. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: पहिली शंभर युनिटं स्वस्त, पुढच्या तीनशेपर्यंतची महाग, त्याच्या पुढे आणखी. दोन घरांची ऐंशी-ऐंशी युनिटं एका मीटरवर पडली की साठ युनिटं वरच्या दराने मोजली जातात, आणि सबमीटर लावला तरी ती कुणाची, याचं उत्तर निघत नाही. वरच्या मजल्याला स्वतंत्र मीटर घ्यावा. दुसरं, महावितरण वर्षाच्या वापरावरून सुरक्षा ठेव पुन्हा मोजतं आणि वाढीव ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ती ठेव मालकाच्या नावावर राहते, म्हणून मालकानेच भरावी. भाडेकरूला हे माहीत नसतं आणि तो गुपचूप भरून मोकळा होतो. त्याच्या भिडेचा फायदा घेऊ नये.

सांगलीत घर देताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय किल्ली देणं मी तरी चुकीचंच मानतो: पाणी कुठपर्यंत आलं होतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागांतली माणसं पुलावरचा आकडा ऐकून सामान कधी हलवायचं ते ओळखतात. लातूरहून, नांदेडहून नोकरीसाठी आलेल्याला तो आकडा म्हणजे नुसता आकडा. त्याला सांगावं, की पुलावर अमुक फूट झालं की आपल्या गल्लीच्या तोंडाला पाणी येतं. भिंतीवर २०१९ ची खूण असेल तर रंगाखाली झाकू नये, हात लावून दाखवावी. आणि हेही सांगावं, की पाणी दारातून यायच्या आधी संडासाच्या भांड्यातून आणि न्हाणीच्या जाळीतून उलटं येतं. चेंबरला एकदिशा झडप बसवली असेल तर ती कुठे आहे तेही दाखवावं.

करारात पुराचं एक कलम घालावं. पाणी घरात आहे आणि घर राहण्याजोगं नाही तेवढ्या दिवसांचं भाडं नाही. गाळ काढणं, वायरिंग तपासणं, मीटर बदलणं मालकाकडे. वायरमनने बघेपर्यंत मेन चालू करायची नाही. वरचा मजला किंवा गच्चीवरची खोली आपली असेल तर तळमजल्याच्या भाडेकरूला सामान तिथे चढवायची मोकळीक लेखी द्यावी, कारण रात्री दोन वाजता फोन लागत नाहीत. मालकाच्या घराच्या विम्यात भाडेकरूचं सामान येत नाही, हे त्याला आधी कळलेलं हवं. पंचनाम्याच्या वेळी तिथे कोण राहत होतं हे दाखवायला नोंदणीकृत करारासारखा कागद नाही. त्याची एक प्रत त्याने मोबाइलमध्येही ठेवावी.

राहायला आल्यावर मालकाने घरापासून थोडं लांब व्हावं. जायचंच असेल तर आदल्या दिवशी फोन करून, वेळ विचारून जावं आणि बेल वाजवावी. भाडं बँकेतच घ्यावं. भाडेकरूला घरभाडे भत्त्याची सवलत घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर त्याला मालकाचा पॅन द्यावा लागतो. महिना नऊ हजारांचे वर्षाला १,०८,००० होतात, म्हणजे मागणी येणारच. ती टाळू नये. प्राप्तिकरात मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीची बिलं जोडावी लागत नाहीत, आणि दुरुस्तीवर त्याहून जास्त खर्च झाला तरी वजावट वाढत नाही. दुरुस्तीची वाटणी अशी ठेवावी: वापरून झिजतं ते, म्हणजे वायसर, बल्ब, फ्लशचं रबर, भाडेकरूचं, भिंत, पाइप, वायरिंग, गच्ची, बोअरची मोटर मालकाची. मधल्या गोष्टींसाठी एक रक्कम ठरवावी, पाचशे म्हणा, तिच्या आतला खर्च त्याने विचारायला न थांबता करावा.

घर सोडायच्या दिवशी यादी आणि फोटो घेऊन दोघांनी मिळून फिरावं, दिवसा, उजेडात. कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक, भिंतीला टेकून बसल्याचा तेलकट डाग, वर्षभरात फिका पडलेला रंग ही राहण्याची झीज. तिचे पैसे कापू नयेत. फुटलेलं बेसिन, तुटलेली बिजागरी, हरवलेली किल्ली यांचे कापावेत, खऱ्या बिलाएवढेच. मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून वाचावं, फोटो काढावा, आधीच्या बिलावरून उरलेली युनिटं मोजावीत आणि शेवटच्या बिलापुरते पैसे बाजूला ठेवून बाकीची अनामत त्याच वेळी, टेंपोत सामान चढत असतानाच, त्याच्या खात्यावर टाकावी. पुढच्या घराची अनामत त्याला त्याच संध्याकाळी भरायची असते.